प्रमाण जांभळा, खिडकी क्रमांक सात

रंगारीकाकांनी तिला वेळेवर सांगितलं होतं. जिन्यात उभं राहून, चष्मा कपाळावर सरकवून, तिच्या हातातलं बाळाच्या पासपोर्टाचं कोरं करकरीत जांभळं पुस्तक त्यांनी नाकाजवळ नेलं, हुंगलं आणि म्हणाले, "पोरी, हा रंग कच्चा आहे. पाणी लागू देऊ नकोस, ऊन लागू देऊ नकोस, आणि या ढब्बूच्या तोंडात तर मुळीच जाऊ देऊ नकोस."

आता, ती काही इशारे उडवून लावणारी बाई नव्हती. आठ महिन्यांचा ढब्बू झोपला की त्याचा श्वास चालू आहे का हे बघायला ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची, आणि चालू आहे म्हटल्यावर जरा जास्तच जोरात चालू आहे का म्हणून पुन्हा धरायची. चमचे तीनतीनदा उकळायची. छताचा पंखा घट्ट आहे ना हे बघायला तिने इलेक्ट्रिशियनला दोनदा बोलावलं होतं. तिसऱ्यांदा त्याने फोनच उचलला नाही. खुळखुळ्याच्या खोक्यावरचे इशारे तिने, ज्या भाषा तिला येत नव्हत्या त्यांतल्यांसकट, कापून जपून ठेवले होते. पण काकांचं हे एवढं एक बोलणं मात्र तिने हसण्यावारी नेलं.

"काका, अहो सरकारी वस्तू आहे ही. शिक्का आहे यावर. सरकारचा रंग कच्चा कसा असेल?"

ती राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाली होती. असला विश्वास तिथेच बसतो.

"चाळीस वर्षं कापड रंगवलंय मी," काका जिना उतरता उतरता म्हणाले. "शिक्क्याने रंग पक्का होत नाही, पोरी. तुरटीने होतो."

देशाचा पासपोर्ट पूर्वी तपकिरी होता. तपकिरीच का, हे कुणालाच आठवत नव्हतं, आणि हीच गोष्ट संशयास्पद आहे असं ऐन निवडणुकीत एका पुढाऱ्याच्या लक्षात आलं. "आपण खिशात दुसऱ्याचा रंग घेऊन फिरतोय!" असं तो भरसभेत गरजला, तेव्हा ज्यांनी जन्मात पासपोर्ट काढला नव्हता अशा चाळीस हजार माणसांनी आपापले खिसे चाचपले. पुढारी निवडून आला, मंत्री झाला, आणि त्याने समिती नेमली. समितीने अकरा महिने अभ्यास करून असा निष्कर्ष काढला, की बरे बरे रंग शेजारच्या देशांनी आधीच उचललेले असून आता जांभळा तेवढा शिल्लक आहे. अहवालात अर्थात हे 'या मातीच्या कणाकणात मूळचाच भिनलेला जांभळा' असं लिहिण्यात आलं. विरोधी पक्षाने सभात्याग केला. त्यांचा जांभळ्याला विरोध नव्हता. तो पुरेसा जांभळा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

खरा जांभळा कोणता यावर वाद नकोत म्हणून पासपोर्टाच्या कापडाचा चार बोटं रुंद तुकडा 'प्रमाण नमुना' ठरला. मंत्र्यांच्या हस्ते तो काचेच्या चौकटीत बसवून पासपोर्ट कचेरीत, खिडकी क्रमांक सातच्या मागच्या भिंतीवर, फोटो झकास यावा म्हणून बरोबर उन्हाच्या तिरिपेत टांगण्यात आला. पाठोपाठ परिपत्रक निघालं: देशाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक नागरिकाने आपला पासपोर्ट सदर नमुन्याशी जुळवून 'रंगसाम्य' असा शिक्का घ्यावा. ज्याचा रंग जुळत नाही त्याच्या मनात काय आहे, हे शासन सांगू शकत नाही.

तिच्या मनात काय होतं, हे मात्र सगळ्या जिन्याला ठाऊक होतं. ढब्बूचा बाप परदेशातल्या एका बंदरावर क्रेन चालवायचा. ढब्बूच्या जन्माच्या आधी गेला तो गेलाच. ढब्बूच्या समजुतीप्रमाणे बाप ही सहा इंच उंचीची, काचेची वस्तू होती, आणि रोज संध्याकाळी तो बापाला प्रेमाने चाटायचा. कंपनी क्रेनवाल्यांना पाळीपाळीने कुटुंबासाठी खोली द्यायची. यंदा पाळी आली होती. वीस तारखेपर्यंत बायको-मूल हजर नसलं, तर खोली पुढच्याला आणि आपली पाळी दोन वर्षांनी.

"दोन वर्षांनी तो मला काका म्हणेल गं," बाप फोनमधून म्हणायचा.

"नाही म्हणणार. एकोणीसचं तिकीट आहे आपलं," ती फोनची काच पुसत म्हणायची. जंतुनाशकाने.

पाच तारखेला ती ढब्बूला पोटाशी बांधून सात नंबरच्या खिडकीसमोर उभी राहिली. आत बसणाऱ्या गृहस्थांना सगळे खिडकीसाहेब म्हणत. त्यांची पेन्सिल दोऱ्याने टेबलाला बांधलेली होती आणि तेही तसेच बांधल्यासारखे दिसत. त्यांनी ढब्बूचा पासपोर्ट चौकटीशेजारी धरला आणि चुकचुकले.

"बाई, तुमचं बाळ दोन छटा गडद आहे."

"बाळ?"

"पासपोर्ट. कागदोपत्री एकच."

"अहो, पण तो इथूनच मिळालाय. गेल्याच महिन्यात!"

"इथून निघाला तेव्हा जुळत होता. ही नोंद बघा. नंतर गडद झाला. घरी नेऊन काय केलंत त्याचं?"

"काही नाही. तीन पिशव्यांत घालून कपाटात ठेवला."

"तेच ते. कोंडून ठेवले की गडद होतात. सध्या देशभर वाढलाय हा प्रकार."

तिने चौकटीकडे नीट पाहिलं. "साहेब, मला वाटतं, तुमचा तो नमुनाच उन्हाने जरासा..."

रांगेत तिच्या मागे उभ्या असलेल्या एका मास्तरांनी आपला पासपोर्ट छातीशी घट्ट धरला आणि एक पाऊल मागे सरकून आपण या बाईंच्या बरोबर नाही असं दाखवलं. खिडकीसाहेबांनी आवाज उतरवला.

"बाई, नमुना विटत नसतो. विटला तर तो नमुना कसला? नमुना आहे तिथेच आहे. देश गडद होत चाललाय." मग इकडेतिकडे बघून, "मी काही सांगितलेलं नाही. पण लोक आठ दिवस उन्हात घालून आणतात."

लोक घालतच होते. गल्लोगल्ली दोऱ्यांवर मोज्यांच्या आणि बनियनच्या मधोमध पासपोर्ट चिमट्याने लटकू लागले. ज्याचा पासपोर्ट फिकट, तो गच्चीवर ताठ मानेने फिरे. ज्याचा गडद, त्याच्या घरी भाडेकरू मिळेना. पण गंमत अशी, की सोमवारी जुळलेला पासपोर्ट गुरुवारी गडद ठरे, कारण नमुना काही सोमवारपाशी थांबायला तयार नव्हता. मग सोमवारचे शिक्के संशयास्पद ठरून ज्यांनी ते दिले त्या कारकुनांचीच चौकशी लागली. चोर भिंतीवर टांगलेला आणि फाशी संन्याशाला.

"विटलेल्या चादरीशी जुळावं म्हणून घरातल्या सगळ्या चादरी उन्हात घालणारी माणसं," रंगारीकाका म्हणाले, "मी जन्मात पहिल्यांदा बघतोय."

"काका, हळू बोला हो!"

"का? भिंती गडद होतील?"

तिनेही पासपोर्ट गच्चीत ठेवला. पण उघड्यावर कसा ठेवायचा? कावळा नेईल, वारा नेईल, पलीकडची बाई आपला तिथे ठेवून हा उचलेल. म्हणून तिने तो स्टीलच्या डब्यात घातला, डब्याला घट्ट झाकण लावलं, झाकणावर वीट ठेवली, आणि रोज नऊ ते पाच डब्याशेजारी छत्री घेऊन बसली. आठ दिवस डब्याला कडकडीत ऊन लागलं. पासपोर्ट होता तसाच राहिला.

सोळा तारखेला ती पुन्हा रांगेत होती. रांग आता रस्ता ओलांडून समोरच्या केशकर्तनालयापर्यंत गेली होती आणि ढब्बूला दात येत होते. बाराच्या सुमारास त्याने टोकन खाल्लं. दीडला दुसरं, मागच्या मास्तरांचं. अखेर खिडकी आली, आणि खिडकीसाहेबांनी एक हमीपत्र पुढे सरकवलं: 'मी माझा पासपोर्ट हेतुपुरस्सर गडद केलेला नाही व करणार नाही.' अर्जदार आठ महिन्यांचा असल्याने अंगठा चालेल, असं ते म्हणाले. तिने शाईचं पॅड जवळ ओढायला म्हणून एक क्षण, फक्त एकच क्षण, पासपोर्ट हातातून खाली ठेवला.

चपचप असा आवाज आला.

वळून बघते तो ढब्बूच्या ओठांपासून हनुवटीपर्यंत आणि डाव्या मुठीपासून मनगटापर्यंत सगळा जांभळा. पासपोर्टाचा एक कोपरा खडूसारखा पांढरा. ढब्बू हसला. जीभसुद्धा जांभळी.

तिने किंकाळी फोडली आणि त्याच दमात मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, ढब्बूने रंग खाल्ला!"

"घाबरू नका. कसला रंग? खडूचा? खेळण्याचा?"

"पासपोर्टचा!"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "जांभळा?"

"हो!"

"बाई, मी त्याला विषारी म्हणू शकत नाही."

"म्हणजे विषारी नाहीये ना?"

"तसं मी म्हटलं नाही. म्हणू शकत नाही असं म्हटलं. राजपत्रात त्याला जीवनदायी म्हटलंय."

"मग मी करू काय?"

"पाणी पाजा. आणि माझं नाव कुठे घेऊ नका."

ढब्बू मजेत होता. खिडकीसाहेब मात्र उठून उभे राहिले, आणि पेन्सिलीचा दोरा ताणला गेल्याने टेबलही थोडं पुढे आलं. "सदर बालकाने," ते म्हणाले, "राष्ट्रीय ओळख भक्षण केली आहे!"

"निदान एकाच्या पोटात तरी देश आहे," रांगेतून कुणीतरी म्हणालं. मास्तर पुटपुटले, "माझं टोकनही आहे."

गडबड ऐकून आतल्या खोलीतून मोठे साहेब बाहेर आले. ते तीन दिवस झोपलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी अकराला मंत्री तपासणीला यायचे होते आणि भिंतीवरचा राष्ट्रीय जांभळा त्या सकाळी साफ पांढरा झाला होता. चौकटीत हातरुमाल ठेवल्यासारखं दिसत होतं. चार दिवसांत देशाबाहेर एकच माणूस जाऊ शकला होता, आणि त्याचा पासपोर्ट वॉशिंग मशीनमधून निघाला होता.

मोठ्या साहेबांनी ढब्बूकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, लावला. ढब्बूची मूठ उजेडात धरली. त्यांचे डोळे भरून आले.

"हाच," ते म्हणाले. "उद्घाटनाच्या दिवशीचा. हुबेहूब हाच!"

डब्यात ऊन न खाल्लेला देशातला तो बहुधा शेवटचा जांभळा होता. उभ्या उभ्या टिपण तयार झालं: सदर बालकाची डावी मूठ हा यापुढे 'प्रमाण नमुना (जिवंत)' समजण्यात यावा. बालकाच्या आईस नमुनाधारक म्हणून संबोधावे. नमुन्यास आंघोळ घालू नये, उन्हात नेऊ नये, आणि राष्ट्रीय ठेवा असल्याने तो देशाबाहेर जाऊ देऊ नये.

"अहो, पण आम्हाला एकोणीसला जायचंय! त्याच्या बाबांनी त्याला अजून बघितलं नाहीये!"

"मग बाबांना इकडे बोलवा."

"त्यांचा पासपोर्ट जुना आहे. तपकिरी."

मोठ्या साहेबांनी हळहळून मान हलवली. "मग ते तिकडेच बरे."

तीन तारखा हातात होत्या, तिकीट पर्समध्ये होतं, आणि मूल सरकारजमा झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ढब्बू सात नंबरला बसू लागला. काचेखालच्या फटीतून त्याची मूठ बाहेर काढलेली असे. लोक येत, मुठीशेजारी पासपोर्ट ठेवत, श्वास रोखत. पुढे येईल ते ढब्बू ओढून तोंडात घाली. दुपारपर्यंत अकरा पासपोर्टांचे कोपरे चावले गेले आणि मालक ते अभिमानाने दाखवत घरी गेले. ती शेजारी बाटलीभर जंतुनाशक घेऊन बसली होती. ते मुठीला लावायला बंदी असल्याने ती ते लोकांना लावत होती. मंत्री आले, त्यांनी मुठीला वाकून नमस्कार केला, ढब्बूने त्यांचं नाक धरलं. फोटो छापून आला. दुसऱ्या दिवशी पक्षातल्या बावीस जणांची नाकं जांभळी होती.

पण रंग कच्चा तो कच्चाच. समोर पासपोर्ट नसला की ढब्बू अंगठा चोखायचा, आणि संध्याकाळपर्यंत अंगठा फिक्कट दिसू लागला. लगेच त्या अंगठ्याच्या मानाने गडद ठरलेल्या पासपोर्टांच्या तक्रारी सुरू झाल्या. मोठ्या साहेबांनी घाम पुसला. "शहरात रंगारी आहे का कुणी?"

एकच होता. अठरा तारखेला सकाळी रंगारीकाका पितळी पातेलं, स्टोव्ह आणि तुरटीची पुडी घेऊन कचेरीत हजर झाले. तिला बघून म्हणाले, "सांगितलं होतं ना?"

"हो, काका." तिला रडूच फुटलं. "आता याच्या हाताला पक्का रंग देणार म्हणतायत."

काकांनी ढब्बूच्या गुबगुबीत मनगटाची वळी उघडून पाहिली. वळीच्या आत, जिथे चोखायला जीभ पोचत नव्हती, तिथे रंग पहिल्या दिवसासारखा होता. त्याच्याशी जुळवत तासभर त्यांनी पातेल्यात रंग घोटला. चिमूटभर हे, चिमूटभर ते. मग मोठ्या साहेबांना म्हणाले, "झाला. आता हा लागला की मरेपर्यंत जायचा नाही."

"उत्तम! लावा."

"पोराला नाही लावणार मी. त्याला उद्या चिखलात खेळायचंय, भिंतीवर रेघोट्या ओढायच्यात. त्याच्या हाताला त्याची कामं आहेत." आणि त्यांनी स्वतःचा उजवा हात कोपरापर्यंत पातेल्यात बुडवला. बाहेर काढून, निथळवून, टेबलावर ठेवला. "हा घ्या तुमचा नमुना."

खिडकीसाहेबांनी मुठीची वळी आणि हात शेजारी शेजारी धरून पाहिलं. फरक नव्हता.

"वय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"एकाहत्तर."

"पासपोर्ट आहे?"

"नाही. मला कुठे जायचंय?"

मोठ्या साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे नमुना देशाबाहेर जायचा धोकाच नाही! घरी कोण?"

"कुणी नाही."

"फारच सोयीचं."

"काका, नको ना," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "हे हात दाखवून अवलक्षण आहे."

"अगं, दोन दिवसांची गोष्ट. नवा तुकडा छापतील. आणि घरी तरी काय, भिंतीच बघतो मी. इथे माणसं येतील." ते हसले. "तू पोराला त्याच्या बापाकडे ने. आणि कोपरा दाखव त्यांना, कोपरा."

तिने पासपोर्ट पुढे केला. न चावलेला भाग काकांच्या हाताशी तंतोतंत जुळला. चावलेला कोपरा भिंतीवरच्या चौकटीशी तंतोतंत जुळला. जुन्या आणि नव्या दोन्ही नमुन्यांशी एकाच वेळी जुळणारा तो देशातला एकमेव पासपोर्ट होता. खिडकीसाहेबांनी उभं राहून त्यावर, आणि काकांच्या हाताशी जुळलेल्या तिच्या स्वतःच्या पासपोर्टावरही, शिक्का मारला. टेबलही पुन्हा थोडं पुढे आलं.

वीस तारखेच्या पहाटे, परदेशातल्या विमानतळावरच्या अधिकारीणबाईंनी पासपोर्ट हातात घेतला. तिने श्वास रोखला. बाईंनी पुठ्ठ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आतलं पान उघडलं, शिक्का मारला, आणि परत देताना पांढऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवून खुणेनेच विचारलं: दात येतायत वाटतं?

बाहेर क्रेनवाला बाप उभा होता. ढब्बूने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं, एवढा मोठा कसा झाला म्हणून जरा विचार केला, आणि मग खात्री करून घ्यायला त्याचा गाल चाटला.

याला आता सात महिने झाले. ढब्बू चालतो. ती अजून त्याच्या नाकाखाली बोट धरते, पण हल्ली तिला दुसराच घोर लागलाय. काकांचा फोन वाजत राहतो. जिन्यातले लोक सांगतात, कुलपाच्या आत वाजतो, ऐकू येतो. नवा तुकडा छापलेला नाही. छापायची गरज काय, असा प्रश्न समितीपुढे आहे. तिने कचेरीला चार पत्रं लिहिली: काका कसे आहेत? चारही पत्रांना वेळेवर उत्तर आलं. 'नमुना सुस्थितीत आहे. रंग पक्का आहे.'

म्हणून तिची तुम्हाला विनंती आहे. तुम्हीही सात नंबरला जाऊन आला असाल. काचेवर वरपासून खालपर्यंत मंत्र्यांचा फोटो चिकटवलाय, त्यामुळे फटीतून बाहेर आलेला हात तेवढा दिसतो. त्याच्याशेजारी तुम्ही आपला पासपोर्ट ठेवला असेल, जुळला म्हणून सुटकेचा श्वास टाकला असेल. तो जांभळा तुम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. पण त्या हाताची नखं वाढली होती का, हे आठवतंय?

नाही ना? मग पुढच्या खेपेला एवढं करा. रंग राहू द्या. पुढे वाकून, फटीपाशी तोंड नेऊन हळूच विचारा, "काका, जेवलात का?" आणि हात थंड लागला, तर रांग मोडून आत शिरा. नियमात बसत नाही, तरी.